आधी उतरण, मग चढण

डोंगर चढायचा असतो आणि दरी बघायची असते, अशी आपण मराठी माणसांनी फार पूर्वीच वाटणी करून टाकली आहे. गडावर जायचे ते घाम गाळत, मध्ये दोनदा टेकत, वर पोचल्यावर टाक्यातले गार पाणी तोंडावर मारत. दरीकडे मात्र कठड्याशी उभे राहून पाहायचे. महाबळेश्वरला साहेबाने जागोजाग 'पॉइंट' नेमून दिले आणि आपण ते आजतागायत इमानेइतबारे बघत आलो. आर्थर सीटला उभे राहायचे, खाली सावित्रीचे खोरे पाहायचे, फेकलेली टोपी वाऱ्याने वर येते का ते पाहायचे, मक्याचे कणीस खायचे आणि पुढच्या पॉइंटला निघायचे. घाटवाटा तुडवणारी ट्रेकर मंडळी सोडली, तर दरीत उतरावे असे आपल्या मनात सहसा येत नाही.

हीच सवय आपण परदेशातही बरोबर नेतो. मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत असलेल्या आईवडिलांची तिकडची यात्रा आता जवळजवळ ठरून गेली आहे. न्यूयॉर्क, नायगारा, लास व्हेगास आणि व्हेगासहून एका दिवसाच्या सहलीत ग्रँड कॅन्यन. पहाटे बसमध्ये बसायचे, दुपारी काठावर उतरायचे, दीड-दोन तास बघायचे, फोटो काढायचे आणि रात्री परत. कोलोरॅडो नदीने कोरलेली ही घळई ४४६ किलोमीटर लांब आहे, रुंदी काही ठिकाणी २९ किलोमीटर आणि खोली मैलभराहून अधिक. काठावर उभ्या राहिलेल्या माणसाला ती खरी वाटतच नाही. नाटकातल्या रंगवलेल्या पडद्यासारखी ती समोर टांगलेली असते. "छान आहे हो," असे म्हणून माणसे बसकडे वळतात. त्यांना नावे ठेवण्यात अर्थ नाही. एवढ्या मोठ्या गोष्टीचे माप डोळ्यांना घेता येत नाही, त्याला पायच लागतात.

आमची मुलगी ॲरिझोनात, फिनिक्सला असते. तिच्याकडच्या मुक्कामांत आम्ही नवरा-बायकोने गेल्या काही वर्षांत त्या भागातल्या वाळवंटांतून आणि नदीच्या घळींमधून बरेच पायी हिंडून घेतले. दोघेही साठीच्या पुढचे, आणि दोघांपैकी कोणीही गिर्यारोहक नाही. माझी उमेदीची वर्षे बँकेच्या खुर्चीत गेली, तिची डोंबिवलीच्या सकाळच्या लोकलमध्ये आणि शाळेत. या हिंडण्यातून माझे एक मत बनले आहे. अशा प्रदेशात जोडप्याने चालायचे असेल, तर किती लांब जायचे यापेक्षा परत कधी फिरायचे हे आधी ठरलेले असावे. आणि 'आता परत' असे म्हणण्याचा अधिकार दोघांनाही सारखा असावा, कारण न सांगता. वाचायला ही गोष्ट क्षुल्लक वाटेल. पण आपल्या किती घरांत हा अधिकार दोघांना सारखा असतो, याचा वाचकांनी मनाशीच विचार करावा. म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी वाळूकडे जाऊ. न्यू मेक्सिको राज्यात व्हाइट सँड्स नावाचे राष्ट्रीय उद्यान आहे. १९३३ पासून ते राष्ट्रीय स्मारक होते, डिसेंबर २०१९ मध्ये त्याला उद्यानाचा दर्जा मिळाला. वाळवंट म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर जैसलमेरची पिवळी वाळू येते. इथली वाळू पिठीसाखरेसारखी पांढरी, कारण ती जिप्समची आहे. ज्यापासून प्लास्टर ऑफ पॅरिस करतात आणि ज्याच्या मूर्तींवरून दर भाद्रपदात आपल्याकडे वाद रंगतो, तेच हे जिप्सम. ते पाण्यात विरघळते. एरवी पावसाबरोबर ते नदीत आणि नदीबरोबर समुद्रात जाते. इथले डोंगरांनी वेढलेले खोरे मात्र असे, की त्यातून एकही नदी बाहेर पडत नाही. पाणी सखल भागात साचते, उन्हाने आटते, मागे जिप्समचे स्फटिक उरतात; वारा त्यांचा चुरा करतो आणि तो चुरा पुढे ढकलत राहतो. असे करत करत सुमारे ७१० चौरस किलोमीटरवर वाळूच्या टेकड्या पसरल्या आहेत. जगात जिप्समच्या वाळूचा एवढा मोठा प्रदेश दुसरा नाही. शेजारीच अमेरिकन लष्कराचे क्षेपणास्त्र चाचणीचे क्षेत्र आहे आणि चाचणी असली की उद्यानाचा रस्ता काही वेळ बंद ठेवतात. जगातला पहिला अणुस्फोट १६ जुलै १९४५ रोजी झाला तो इथून उत्तरेला साधारण शंभर किलोमीटरवर. त्या शुभ्र शांततेत उभे असताना ही माहिती नको होती, असे वाटून जाते.

ही वाळू फारशी तापत नाही. ऐन दुपारी तिच्यावरून अनवाणी चालता येते, आणि फसगत होते ती नेमकी इथे. पायांना गार लागत असल्यामुळे डोक्यावरच्या उन्हाचा विसर पडतो. शिवाय पांढऱ्या वाळूवरून परतणारे तेच ऊन खालूनही तोंडावर येत असते. आम्ही चाललो ती 'अल्कली फ्लॅट' नावाची वाट जाऊन-येऊन आठ किलोमीटर. वाट म्हणण्यासारखे तिथे खरे म्हणजे काही नाही. टाकलेले पाऊल थोड्या वेळाने वारा पुसून टाकतो आणि काही टेकड्या तर वर्षाला तीस फुटांपर्यंत सरकतात. म्हणून उद्यानाने ठरावीक अंतरावर खांब रोवले आहेत आणि प्रत्येक वाटेच्या खांबांवर पत्त्यांतले एकेक चिन्ह रंगवले आहे. आमच्या वाटेला लाल चौकट होती. दुसऱ्या वाटांना किलवर, बदाम, इस्पिक. चौकट शोधत वाळवंट ओलांडायचे, हे पत्नीला भारी मजेचे वाटले. नियम एकच: या खांबापाशी उभे राहिल्यावर पुढचा खांब दिसला नाही, तर पुढे जायचे नाही. वाटेवर सावली नाही आणि पाण्याचा थेंब नाही. दिसायला खेळण्याचे मैदान वाटावे अशा या वाटेवर उन्हाळ्यात पाणी अपुरे पडून माणसे दगावलेली आहेत.

वाळूत चालण्याचे एक तंत्र असते ते पायांना हळूहळू कळते. टेकडीची वाऱ्याकडची बाजू चेपलेली, घट्ट असते. पलीकडची पडती बाजू भुसभुशीत. तिथे एक पाऊल वर टाकले की अर्धे खाली घसरते. दोघे एकामागून एक चालत असतील तर खरे कष्ट पुढच्याला, मागच्याला तयार पायऱ्या मिळतात. म्हणून मी पुढे झालो. दहाएक मिनिटांनी मागे पाहिले तर पत्नी माझ्या पावलांवरून न येता चार हात बाजूने, स्वतःची वेगळी वाट पाडत येत होती. "अगं, तयार पायऱ्या सोडून नसते कष्ट कशाला?" म्हटले. ती म्हणाली, "अहो, तुमच्या ढांगा मला लांब पडतात. त्यापेक्षा नवी वाळू बरी." पुढे ती पुढे आणि मी मागे असे चाललो. चाल मंदावली खरी, पण दर टेकडीगणिक धापा टाकत थांबणे बंद झाले. आठ किलोमीटर संपले तेव्हा घड्याळ मला अपेक्षित होते त्याहून फार पुढे गेलेले नव्हते.

याच खोऱ्यात टेकड्यांच्या पश्चिमेला, आटून गेलेल्या एका प्राचीन सरोवराच्या तळाशी, माणसांच्या पावलांचे ठसे सापडले आहेत. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने त्यांतल्या काहींचे वय २१ ते २३ हजार वर्षे ठरवले आणि अमेरिका खंडात माणूस कधी आला याची जुनी गणिते विस्कटली. मला मात्र त्याच्या आदल्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका ठशांच्या रांगेने अधिक गुंतवले. कमीत कमी दहा हजार वर्षांपूर्वी एक बाई, किंवा एखादा लहान चणीचा तरुण असेल, कडेवर मूल घेऊन त्या चिखलातून जवळजवळ दीड किलोमीटर सरळ चालत गेली. मध्ये मध्ये दम खायला मूल खाली ठेवले, तिथे त्याची इवलीशी पावले उमटली आहेत. काही वेळाने तीच व्यक्ती त्याच वाटेने परत आली. या वेळी मुलाचे ठसे कुठेच नाहीत. दरम्यान एक मॅमथ आणि एक अजस्र स्लॉथ ती वाट आडवी ओलांडून गेले होते. मूल कोणाकडे पोचवले, का पोचवले, हे कोणालाही सांगता येणार नाही. चाल मात्र झपझप होती, असे पावलांतल्या अंतरावरून अभ्यासकांनी काढले आहे. जाणे आणि परत येणे दोन्ही शाबूत असलेली ती रांग आहे. गेलेल्यांच्या खुणा आपण खूप जपतो, परतलेल्यांच्या क्वचितच.

आता दरीकडे. ग्रँड कॅन्यन म्हणजे उलटा ठेवलेला डोंगर. हे वाक्य ऐकायला गमतीचे, पण त्यात जिवावरची गोष्ट आहे. आपल्या गडावर चढ आधी असतो. दम लागला, पाय बोलू लागले की आपल्याला आपली कुवत कळते. फार झाले तर अर्ध्यातून परततो, आणि परतीचा रस्ता उताराचा असतो. थकलेला माणूस उतार कसाबसा उतरतो. दरीत सगळे उलटे. सकाळची गार हवा, ताजे पाय, उतार आणि समोर क्षणाक्षणाला बदलणारा देखावा. माणूस तरंगत खाली जातो. दमल्याची जाणीव होते तेव्हा तो तीन हजार फूट खाली असतो आणि सगळा चढ पुढे उभा असतो. वर गार, खाली गरम, हेही उलटेच. जुलैत काठावर दुपारचे तापमान सरासरी २९ अंश सेल्सिअस असते तेव्हा तळाशी नदीकाठी ते ४१ पर्यंत जाते. दमल्यावर परत फिरायचे, ही सह्याद्रीत शिकलेली रीत इथे घातक आहे. इथे न दमताच परत फिरावे लागते.

उद्यानाचे रेंजर सांगतात, उतरायला जितका वेळ लागला त्याच्या दुप्पट चढायला धरा. पाण्याचा एक तृतीयांश उतरण्यासाठी, दोन तृतीयांश चढण्यासाठी ठेवा. उन्हाळ्यात सकाळी दहा ते दुपारी चार या वेळात उन्हात चालू नका आणि एका दिवसात नदीपर्यंत जाऊन परत येण्याचा विचार तर करूच नका. एवढ्या सूचना असूनही दरवर्षी अडीचशेहून अधिक लोकांना दरीतून सोडवून आणावे लागते. त्यांत धडधाकट तरुणांची संख्या मोठी असते, असे रेंजर सांगतात, आणि नवल नाही. म्हाताऱ्याला आपले गुडघे ठाऊक असतात. आणखी एक गोष्ट मला नवी होती. नुसते पाणी पीत राहणेही धोक्याचे असते. घामावाटे मीठ जाते, त्याची भरपाई झाली नाही तर डोके गरगरते, शुद्ध हरपू शकते. म्हणून खारट खायचे. पाकिटातल्या वेफर्सचा तिकडे सल्ला देतात. आम्ही पोह्यांचा चिवडा, खारे शेंगदाणे आणि मीठ-साखरेचे लिंबाचे सरबत नेले होते, आणि अमेरिकन उद्यान खात्याच्या शास्त्रात आमच्या घरचा डबा चपखल बसला याचे पत्नीला समाधान वाटले.

ऑक्टोबरचा मध्य होता. दक्षिण काठावरून 'ब्राइट एंजल' नावाची वाट उतरते. सात किलोमीटरवर, काठापासून सुमारे तीन हजार फूट खाली, हवासुपाई गार्डन्स हे झऱ्याचे ठिकाण आहे. तिथे मोठमोठी झाडे आहेत. हवासुपाई लोक तिथे पिढ्यान्‌पिढ्या शेती करून राहत. राष्ट्रीय उद्यान झाल्यावर त्यांना हळूहळू हुसकून लावण्यात आले, शेवटच्या रहिवाशाला १९२८ साली. त्या जागेला कितीतरी वर्षे 'इंडियन गार्डन' असे मोघम नाव होते. ते बदलून त्या लोकांचे नाव द्यायला नोव्हेंबर २०२२ उजाडावा लागला. आम्हाला तिथवर जायचे होते. काठावरच ठरवले होते की साडेनऊला जिथे असू तिथून मागे वळायचे, आणि त्याआधी कोणी 'परत' म्हटले तर त्याच क्षणी.

उजाडताच निघालो. वाट सुरुवातीला फिक्या चुनखडकातून जाते, मग पिवळट वालुकाश्मातून, मग लाल खडकातून. वरचा थर सुमारे २७ कोटी वर्षांपूर्वीचा आणि तळाशी नदीच्या कडेचा खडक १७० कोटी वर्षांच्या पलीकडचा. एकेका वळणाला किती लाख वर्षे उतरतो आहोत याचा हिशेब मी बँकेच्या सवयीने करू लागलो आणि तिसऱ्या वळणाला सोडून दिला. खेचरांचा तांडा आला की बाजूला, डोंगराच्या अंगाला उभे राहायचे. वास आपल्या जेजुरी-माथेरानसारखाच.

नऊ वाजता आम्ही तीन मैलांवरच्या दगडी विश्रांतिस्थानाशी पोचलो. एकवीसशे फूट उतरलो होतो. तिथून खाली हवासुपाई गार्डन्सची हिरवी झाडे स्पष्ट दिसतात. हात लांबवला तर लागतील अशी. राहिले होते अडीच किलोमीटर. हातात अर्धा तास होता, पाणी होते, मला थकवा नव्हता. पत्नीने चिवड्याची पिशवी बंद केली, सॅक पाठीला लावली आणि म्हणाली, "अहो, चला परत."

या ठिकाणी आपल्याकडच्या कुठल्याही नवऱ्याच्या तोंडी जे वाक्य येईल ते माझ्याही ओठांवर आले. 'एवढ्या लांब आलोय, एवढे पैसे खर्च केलेत, आता एवढ्यासाठी...' हे वाक्य आपल्या मध्यमवर्गीय घरांचे बोधवाक्य म्हणायला हरकत नाही. थाळीचे पैसे दिलेत म्हणून पोट भरल्यावरही खायचे, तिकीट काढले म्हणून रटाळ नाटक संपेपर्यंत बसायचे. ताटात आणि नाट्यगृहात याने फारसे बिघडत नाही. पण बँकेत या वाक्याने बुडालेले कारखाने मी पाहिले आहेत. आजारी पडलेल्या कारखान्याचा मालक समोर बसून सांगे, "साहेब, एवढे घातलेत, आणखी पाच लाख द्या; पुढच्या दिवाळीला बघा." आणि गंमत अशी की त्याचे म्हणणे सर्वांत आधी पटायचे ते पहिले कर्ज मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्याला. कारण आता नाही म्हणणे म्हणजे तेव्हाचे हो चुकले, असे होई. म्हणून शहाण्या व्यवस्थेत कर्ज देणारा एक आणि ते बुडीत ठरवणारा दुसरा असतो. गेलेले पैसे गेले. आज हातात काय आहे आणि पुढे काय दिसते आहे एवढेच दुसरा पाहतो. नवरा-बायकोच्या चालण्यातही हीच व्यवस्था हवी. बहुधा ज्याने नकाशा काढला, हॉटेल ठरवले, पैसे भरले, तो पुढे चालत असतो. परत फिरण्याचा विचार त्याच्या डोक्यात सर्वांत शेवटी येतो.

दुसरी बाजू बायकांची. माझ्या पिढीतल्या बायका आयुष्यभर भरपूर चालल्या. स्टेशन गाठायला, मुलाला शाळेतून आणायला, हातात भाजीच्या पिशव्या घेऊन. पण त्या चालण्याचा वेग नेहमी दुसऱ्या कोणीतरी ठरवलेला होता, लोकलने, शाळेच्या घंटेने, घरी वाट बघणाऱ्या माणसांनी. 'मी दमले' असे म्हणायची सोय त्यात नव्हती. म्हटलेच तर वर दुखण्याचे नाव सांगावे लागे. डोके दुखतेय, कंबर धरलीय, काहीतरी. नुसते 'आता पुरे' हे कारण म्हणून कोणी स्वीकारत नसे. सहलींतही तेच होते. सगळ्यांचा विरस नको म्हणून बाई गुडघ्याला क्रेप बँडेज गुंडाळून शेवटचा पॉइंट गाठते आणि पुढचे आठ दिवस जिना चढू शकत नाही. दरीत हा सोशिकपणा जिवावर बेतू शकतो. म्हणून कारण विचारायचे नाही, हा आमच्या करारातला भाग मी सर्वांत महत्त्वाचा मानतो. कारण विचारले की ते पुरेसे आहे की नाही याचा निवाडा सुरू होतो, आणि न्यायाधीश पुन्हा पुढे चालणाराच असतो.

मी खाली दिसणाऱ्या झाडांकडे एकदा पाहिले आणि वळलो. तिने कारण सांगितले नाही, मी विचारले नाही. आजवर विचारलेले नाही. चढायला चार तास लागले. शंभर पावले, मग थांबणे. सावली दिसली की बसणे. अकराच्या सुमारास खाली उतरणारी पोरे भेटू लागली, हातात अर्ध्या लिटरची एकेक बाटली, पायांत चपला. पत्नीतली शिक्षिका जागी होऊन दोघातिघांना थांबवून पाण्याची विचारपूस करत होती. एकाने आमच्याकडचे लिंबू सरबत घेतलेही.

वर पोचलो की वाटेच्या तोंडाशीच कड्याला बिलगलेली एक लाकडी इमारत दिसते, कोल्ब स्टुडिओ. एल्सवर्थ आणि एमरी हे कोल्ब बंधू विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून इथे खेचरांवरून दरीत उतरणाऱ्या प्रवाशांचे फोटो काढत. फोटो धुवायला काठावर स्वच्छ पाणी नव्हते. म्हणून सकाळी फोटो काढून एमरी काचा घेऊन पळत त्या तीन हजार फूट खालच्या झऱ्यापर्यंत जाई, तिथे त्या धुई आणि प्रवासी परतायच्या आत चढून वर येई. अशी माणसे असतात. त्यांच्याशी आपण बरोबरी करू नये.

याच एमरी कोल्बला नोव्हेंबर १९२८ मध्ये एक नवविवाहित जोडपे भेटले. ग्लेन आणि बेसी हाइड. त्याच वर्षी एप्रिलमध्ये लग्न झालेले. ग्लेनने स्वतः बांधलेल्या सपाट तळाच्या लाकडी नावेतून ऑक्टोबरमध्ये ते युटामधून निघाले होते आणि नदीवाटे सगळी घळई पार करणार होते. सफल झाली असती तर बेसी हे करणारी नोंदीतली पहिली स्त्री ठरली असती. पुढे व्याख्याने, प्रसिद्धी, चार पैसे, असा बेत होता. मध्ये सामान भरायला ते दरीतून चढून काठावर आले. त्यांच्याजवळ लाइफ जॅकेट नव्हते. कोल्बने देऊ केले, ग्लेनने घेतले नाही. बेसीला पुन्हा खाली जायची फारशी इच्छा नव्हती असे भेटलेल्यांनी पुढे सांगितले. ती गेली. १८ नोव्हेंबरला ते शेवटचे दिसले. डिसेंबरमध्ये शोधायला गेलेल्या विमानाला नाव सापडली, सरळ तरंगत असलेली, सामानासकट. ती दोघे कधीच सापडली नाहीत. या प्रकरणावर नंतर नाना तर्क लढवले गेले, खुनापर्यंत. मला त्या तर्कांत रस नाही. काठावर, पायाखाली पक्की जमीन असताना, 'आता पुरे' म्हणायची जागा त्यांना मिळाली होती. ते वाक्य बोलले गेले की नाही, आणि बोलले गेले असेल तर पुढे काय झाले, एवढेच जाणून घ्यायला मला आवडले असते.

युटामधल्या झायन उद्यानातल्या 'नॅरोज'बद्दल थोडक्यात सांगतो. तिथे वाट म्हणजे नदीच. व्हर्जिन नदीच्या पात्रातून, घोट्यापासून कंबरेपर्यंतच्या पाण्यातून, हजार फूट उंच भिंतींमधून चालायचे. काही ठिकाणी भिंती वीस-तीस फुटांवर येतात. आपली भंडारदऱ्याजवळची सांदण दरी पाहिलेल्यांना कल्पना येईल. प्रवाह सेकंदाला दीडशे घनफुटांच्या वर गेला की वाट बंद. तिकडेही जुलै ते सप्टेंबरच्या पावसाला मॉन्सूनच म्हणतात, आणि डोक्यावर निळे आकाश असताना वीस मैलांवरच्या पावसाचा लोंढा घळीत येऊ शकतो. सप्टेंबर २०१५ मध्ये त्याच उद्यानातल्या दुसऱ्या एका अरुंद घळीत सात जण असे गेले. आम्ही आकाश आणि अंदाज दोन्ही पाहून गेलो आणि तासाभराने परतलो. पाण्याला जोर असल्याने सगळा वेळ एकमेकांचे हात धरून चालावे लागले. लग्नानंतर एवढा वेळ चारचौघांत हात धरून आम्ही प्रथमच चाललो असू.

माझ्या एका स्नेह्यांना हे सगळे सांगितले तर ते म्हणाले, "म्हणजे अर्ध्यातून परत यायला विमानाचे तिकीट काढून तिकडे गेलात?" प्रश्न रास्त आहे. पण त्या दरीत 'पूर्ण' म्हणजे काय हे कोणी ठरवायचे? नदीला हात लावून आलेल्यालाही ४४६ किलोमीटरांतले एकच ठिकाण दिसलेले असते. दीड मैल उतरून परत आलेल्याला मात्र, काठावरून पडदा वाटलेली दरी खरी वाटू लागलेली असते. त्याला तिचे माप घोट्यांत आणि मांड्यांत लागलेले असते. हवासुपाई गार्डन्सची झाडे मी वरूनच पाहिली, आणि अजूनही ती मला दिसतात.

कोणी जाणार असेल तर थोडे उपयोगाचे. एप्रिल किंवा ऑक्टोबर निवडा. व्हेगासची एका दिवसाची सहल टाळून दक्षिण काठावर एक रात्र राहा, म्हणजे उजाडता निघता येते. 'साउथ कायबाब' वाटेचे देखावे अधिक चांगले, पण तिच्यावर पाणी कुठेही नाही. ब्राइट एंजलवर काही ठिकाणी नळ आहेत. त्यांना पाणी पुरवणारी वाहिनी १९६० च्या दशकातली असून वारंवार फुटते, तेव्हा निघण्यापूर्वी चौकशी करा आणि पाणी बरोबर ठेवाच. दीड मैलांवरचे पहिले विश्रांतिस्थान साठीच्या माणसाला पुष्कळ आहे. उतरताना काठी हवी, कारण चढताना छाती बोलते आणि उतरताना गुडघे. चिवडा न्यावा, मात्र खाताना सांभाळा. तिथल्या खारी दिसायला गोजिरवाण्या, पण भलत्या धीट झाल्या आहेत आणि पर्यटकांना कडकडून चावतात. आमच्या पिशवीला एकीने भोक पाडले होते.